छबाक्काचं माप

छबाक्का मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझं नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही, पोरं किती तेही विचारलं नाही. माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरला, अंगठ्याने चोळून बघितला, उजेडाकडे उलटा केला आणि म्हणाली, "ही कवा फाटायची?"

साडी नवीकोरी होती. हिरवीगार, लाल काठाची, सुती. कुंडलमध्ये मी झेरॉक्सचं दुकान टाकलं त्या दिवशी आईने सांगलीहून आणलेली. दुकानाची पूजा आटपून मी गिऱ्हाइकाची वाट बघत बसले होते, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून ही बाई आली ती थेट माझ्या साडीच्या मरणाची चौकशी करायला. मला राग आला. मी मुळातच रागीट आहे, त्यात साड्यांच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

"फाटेल तेव्हा फाटेल," मी म्हणाले.

"फाटल्यावर कुनाला दिऊ नगंस. मला सांगून ठेव." एवढं बोलून तिने पिशवीतून फुलाफुलांच्या लुगड्याचा एक तुकडा काढला, मशिनच्या काचेवर पसरला आणि हुकूम सोडला, "ह्येची येक काड. लोणंदच्या पोरीला धाडायचीय."

कागद काळापांढरा निघाला. तिने तो खालीवर करून बघितला. "रंग कुटं गेला?"

"रंगीत मशिन नाही माझ्याकडे."

"मग मांडलंयस कशाला?" असं म्हणून ती निघून गेली. दुकानाचा मुहूर्त झाला तो असा.

छबाक्का आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहते. सत्तरीकडे झुकलेली, अंगाने काटकुळी, चालणं मात्र पोस्टमनसारखं. तोंडावर आम्ही सगळ्या तिला 'तुम्ही' म्हणतो आणि मागे 'ती'. गावात कोण कुठल्या कापडात वावरतंय, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिच्या समोरून जाताना बायका पदर घट्ट आवळून घेतात, तो काही मान म्हणून नव्हे. लग्नाला गेली की अक्षता टाकायच्या आधी नवरदेवाच्या बाहीला हात लावून येते. "ह्ये मेल्यावर बी फाटायचं न्हाई," असं म्हणाली की समजायचं, कापड टेरिकॉट आहे. माझ्या मुलीची लेगिंग तिने एकदा ताणून बघितली आणि सोडून दिली. "ह्ये कापड न्हवं, रबार हाय," म्हणाली.

एकदा ग्रामसभेला तालुक्याहून मोठे साहेब आले होते. पाण्याच्या योजनेवर त्यांचं भाषण रंगात आलेलं. मधेच छबाक्का उठली. आम्हाला वाटलं, आता नळाचं विचारणार. ती सरळ साहेबांच्या मागे गेली आणि त्यांची कॉलर चाचपून म्हणाली, "सायेब, कॉलर इरलीया. उलटून शिवून घ्या, आजून दोन वर्सं जाईल. मग मला धाडा." सरपंचांनी कपाळाला हात लावला. पण साहेब मोठे भले निघाले. दीड वर्षाने त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी शिपायाच्या हाती तो शर्ट धुऊन, इस्त्री करून पाठवला. आक्का म्हणाली, "सा महिनं आधीच फाटला. साबन वंगाळ वापरत्यात."

या सगळ्या कापडाचं ती करायची काय, तर वाकळ. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. जुन्या कापडाचे चौकोन जोडायचे, आत मऊ लुगड्यांचे थर घालायचे, खाली अस्तर लावायचं आणि काठाकडून मध्यापर्यंत टाका घालत जायचा. घरोघरच्या बायका हे करतातच. आक्काने त्याची भिशी केली. बारा बायका जमवल्या. दर दोन महिन्यांनी एकीची पाळी. जिची पाळी तिला बाकीच्या अकराजणींनी सहा-सहा चौकोन द्यायचे, सहा तिचे स्वतःचे. बाहत्तर चौकोनांची आठ बाय नऊ अशी वाकळ तिने जोडायची, शिवायची आणि दोन महिन्यांनी सगळ्यांना अंगणात मांडून दाखवायची. अकराजणी कुंडलच्या आणि आसपासच्या, बारावी लोणंदची सुरेखा, आक्काच्या बहिणीची लेक. तिचे चौकोन साखरेच्या पिशवीतून एसटीने यायचे. मला त्यात घेतलं, कारण मोबाइलवर गट करायला कुणीतरी हवं होतं. मला सुई धरता येते की नाही, हे कुणी विचारलंच नाही.

नियम आक्काचे. दुकानातलं नवं कापड चालणार नाही. "नवं कापड म्हंजे बिनवळकीचा पावना," ती म्हणायची. "त्येला काय ठावं तुमच्या घरातलं?" चौकोन आपल्या घरात, आपल्या माणसांनी वापरलेल्या कापडाचाच पाहिजे. आणि माप एक वीत.

इथेच पहिला घोटाळा झाला. वीत म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. बारा बायकांनी बारा हातांनी आपापल्या विती मोजल्या आणि कापड कापलं. पहिली पाळी मालनवहिनींची. त्या आमच्या शेजारच्या, पोरगा फौजेत, जीभ तिखट. त्यांच्या अंगणात चौकोन मांडायला घेतले आणि गडबड दिसायला लागली. सुरेखाचा पंजा भाकऱ्या थापून हा एवढा झालेला, माझा हात चिमणीचा. ओढून ताणून जोडलेली वाकळ पायाशी रुंद आणि डोक्याशी निमुळती झाली. मालनवहिनी म्हणाल्या, "ह्यात आमचं फौजी झोपलं तर पाय झाकतील आनि त्वांड उगडं ऱ्हाईल." मग कुणाची वीत खरी, यावर तासभर भांडण झालं. प्रत्येकीने आपला हात पसरून दाखवला. प्रत्येकीला आपलीच वीत खरी वाटत होती.

आक्का उठून घरी गेली. दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात बारा काळे चौकोन घेऊन आली, तळहाताहून थोडे मोठे, कडा अगदी सरळ. एक्स-रेच्या फिल्मचे तुकडे होते ते.

"येकीला येक वाट," ती म्हणाली. "ह्येच्यावर ठिऊन कापायचं. माप म्हंजे माप."

युक्ती नामी होती. फिल्म घसरत नाही, वाकत नाही, खडूची रेघ स्वच्छ उमटते. पण बायकाच त्या, गप्प थोड्याच बसणार! जिने तिने आपला तुकडा उजेडात धरून बघितला. मालनवहिनींच्या वाट्याला बरगड्या आल्या होत्या. "मला कुनी तर बरगड्या दिल्यात गं! तुला काय आलं?" माझ्या तुकड्यात नुसता धूर होता आणि कोपऱ्यात हाडाचं एक टोक. सहा महिने आम्ही त्यावर हसलो. पाहुण्यांच्या जेवणात वाटण्या कराव्यात तशा आम्ही त्या हाडांच्या वाटण्या केल्या. कुणाचा एक्स-रे म्हणून विचारलं तर आक्का म्हणायची, "हाडाला कुटं नाव असतंय?" नावाची पट्टी तिने आधीच कापून टाकली होती. ती भंगारवाल्याकडे चिंध्या शोधायला जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा तिथूनच आणला असणार, असं आम्ही ठरवून टाकलं.

मी एकदा माझ्या तुकड्यावर चहाचा कप ठेवला. त्यावर गोल डाग उमटला. नेमकी आक्का आली. तिने तो तुकडा उचलला, पदराने पुसला, पुन्हा पुसला. डाग गेला नाही. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी एवढं! म्हातारपणी माणसं अशीच होतात, अशी मी माझी समजूत घातली.

माप एक झालं आणि वाकळी अशा जमायला लागल्या की बघत राहावं. त्या मांडायच्या दिवसाची आम्ही वाट बघायचो. वाकळ अंगणात पसरायची आणि आक्का काठाशी उकिडवी बसून ती वाचायची. हो, वाचायचीच. "ह्यो लोणंदच्या सुरीचा, बाळातपनातला गाऊन. ह्यो मास्तरांचं धोतर, रिटायर झालं त्या दिशीचं. ह्यो सायबाचा शर्ट, खिशापाशी शाई हाय बगा." मालनवहिनींची ती पहिली वाकळ उसवून पुन्हा मापात जोडली. ती त्यांच्या पोराने पार वर, बर्फाच्या ठाण्यावर नेली. तिथून तो फोन करायचा, "आई, वरनं तिसरा, निळा, कुनाचा गं?" मग वहिनी इथे चुलीपुढे बसून सांगायच्या, "त्यो झेरॉक्सवाल्या वर्षाच्या पडद्याचा. त्येच्या शेजारी तुज्या आजीचं लुगडं हाय, त्याकडं डोकं करून नीज." तिथली कानडी, पंजाबी पोरंसुद्धा आमच्या बारा घरांची नावं शिकली म्हणतात. हे ऐकलं की आक्का मान डोलवायची आणि एवढंच म्हणायची, "मापात हाय न्हवं? मग झालं."

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात यायला हवी होती आणि आली नाही. आक्का स्वतःची पाळी घ्यायची नाही. "माझी शेवटाला," म्हणायची. पहिल्या फेरीत शेवट आला तेव्हा सुरेखाच्या लेकीला दिवस गेले होते. आक्काने आपली पाळी तिला देऊन टाकली. दुसरी फेरी सुरू झाली, पुन्हा तेच, "माझी शेवटाला." तिच्या घरात पांघरायला काय आहे, हे आम्ही कधी बघितलं नव्हतं. ती सगळ्यांच्या घरी जायची, तिच्या घरी कुणी जात नव्हतं. ती कुणाला ये म्हणायचीच नाही.

दुसऱ्या फेरीतली अकरावी वाकळ, म्हणजे एकूण तेविसावी, मांडली त्या दिवशी ते घडलं. पुढची पाळी आक्काची होती. ती वाकळ वाचत होती आणि आपल्या स्वतःच्या सहा चौकोनांपाशी आली की नेहमीसारखं कुणी दिला ते न सांगता पटकन पुढे जात होती. मालनवहिनींनी खाली वाकून बघितलं.

"आक्का, थांबा. ह्यो तर माझ्या नणंदंचा झंपर. गेल्या साली तुमीच मागून न्हेला."

"न्हेला आसंल."

"आनि ह्यो शेजारचा, ह्यो तात्यांचा पंचा. ह्यातलं तुमच्या घरचं कुठलं?"

आक्का पुढच्या चौकोनाकडे सरकली. मग बायकांना एकेक आठवायला लागलं. साहेबांचा शर्ट, मास्तरांचं धोतर, माझा पडदा. जे जे आक्काने आपलं म्हणून दिलं ते सगळं दुसऱ्याच्या घरचं होतं. वहिनींना एकदा चढलं की उतरत नाही. "नियम कुनाचा? तुमचा. आपल्या घरचं पायजे म्हनून माझं चांगलं नवं कापड तुमी परत केल्यालं. तेवीस वाकळी झाल्या. तुमच्या घरचं येक चिरगुट तरी हाय का येकात? आमच्या घरातली समदी माणसं ह्यात आली, तुमचं कोन आलं?"

आणि मी? मी तेव्हा गप्प बसले असते तर आज हे लिहिताना बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, आक्का."

आक्काने माझ्याकडे बघितलं. मग उठली, लुगडं झटकलं आणि शांतपणे म्हणाली, "माझी मापं आना. समद्यांची."

बायका तणतणत घरी गेल्या, तुकडे घेऊन आल्या. आक्काने ते मोजले, पदरात बांधले आणि गेली. सुरेखाचा तुकडा चार दिवसांनी एसटीने आला, तोही मीच आक्काच्या दारात ठेवून आले. दार लावलेलं होतं.

भिशी थांबली. मला वाटलं, माप काय, कुणीही देईल. मी पुठ्ठ्याचे बारा चौकोन कापून वाटले, पट्टीने मोजून, आक्काच्या मापाइतकेच. दोन महिने गेले, एकीनेही त्यावर एक चौकोन कापला नाही. मोबाइलवरच्या गटात लोक शुभ सकाळची फुलं पाठवायला लागले, म्हणजे गट मेला असं समजावं. आक्का माझ्या दुकानासमोरून जायची ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने. कुणाच्या पदराला हात लावत नव्हती. खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटायला लागलं. सहा वर्षं जिची कटकट वाटली, ती बाई साडीकडे न बघता निघून जाते म्हटल्यावर साडी नेसण्यात काही राम उरला नाही.

शेवटी सरकार माझ्या मदतीला आलं. निराधार योजनेतल्या लोकांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं, आणि ते अंगठा घेऊन सांगायचं मशिन माझ्या दुकानात आहे. मुदत संपत आली, आक्का आली नाही. मी मशिन पिशवीत घातलं आणि दुपारी तिच्या घरी गेले.

दार उघडं होतं. आत एकच खोली, सारवलेली, भांडी चार. मधोमध जमिनीवर पांढरं फडकं अंथरलेलं आणि त्यावर ते बारा तुकडे कडेला कड लावून मांडलेले. चार-चार तुकड्यांच्या तीन छात्या झाल्या होत्या. बरगड्या बरगड्यांना जुळल्या होत्या. मालनवहिनींचा तुकडा डावीकडे वर, सुरेखाचा त्याच्या खाली. माझा उजवीकडे, चहाच्या डागासकट. आक्का ओल्या फडक्याने एकेक पुसत होती.

"बस," ती मान वर न करता म्हणाली. "पाय लावू नगंस."

मी भिंतीला टेकून बसले.

"ह्यो पयला, मिरजंला काडल्याला. ह्यो दुसरा, म्हयन्यानं. ह्यो शेवटचा. ह्ये पांडरं कसं वाडत गेलं बग."

"कुणाचा आक्का?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"ह्येंचा." तिने फडकं पिळलं. "बँडात क्लॅरोनेट वाजवायचे. लय दम छातीत. येका दमात वरात वेशीपातुर न्ह्यायचे. घरी आलं तरी बोटं चालूच, झोपंत बी. मग छाती बसली. बँडाचा लाल कोट बँडवाल्याचा, त्यो परत गेला. बाकीचं, ह्ये गेल्याव, छातीचं दुकनं, कुनाला लागंल म्हनून दिरांनी समदं परड्यात न्हिऊन जाळलं. शर्ट, धोतरं, हातरून, मी शिवल्याली वाकळ बी. त्याच वाकळीत गेले ते. येक चिरगुट ठेवलं न्हाई. ह्ये फोटू बी टाकल्यालं आगीत, पर लय घान वास सुटला म्हनून काठीनं भाईर ढकाललं. तवा मी उचाललं."

मी म्हणाले, "मग त्या दिवशी सांगायचं ना बायकांना."

"काय सांगू? माझ्या घरात कापाड न्हाई म्हनू?" आता तिने वर बघितलं. "कापाड तुमचं व्हतं. माप ह्येंचं व्हतं. तेवीस वाकळीत येक चौकोन ह्येंच्या छातीबिगर कापला न्हाई कुनी. त्यो मालनीचा पोरगा बर्फात झोपतोय त्ये कशाखाली झोपतोय? आनि म्हनं तुमच्या घरचं कोन आलं!"

नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, हे माझंच वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. सहा महिने आम्ही एका माणसाच्या बरगड्यांवर हसलो होतो आणि ती बाई समोर बसून ऐकत होती. मला त्या क्षणी स्वतःची मनापासून लाज वाटली. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी मशिन काढलं. तिचा अंगठा त्यावर टेकवला. मशिन घेईना. पुन्हा पुसून टेकवला, तरी घेईना. वर्षानुवर्षं सुई रेटून अंगठ्यावरच्या रेघाच गेल्या होत्या. शेवटी डाव्या हाताच्या बोटावर आक्का जिवंत ठरली.

निघताना तिने बजावलं, "कुनाला बोलू नगंस."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दिवेलागणीच्या आत मी मालनवहिनींच्या ओट्यावर होते. सगळं ऐकून वहिनी हातातली लसूण सोलायची विसरल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वरातीत तेच वाजवत व्हते. लाल कोटातलं. घोड्याच्या म्होरं." आणि डोळ्याला पदर लावून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आक्काच्या दारात उभ्या. मी मागे, कोपऱ्याशी. मला वाटलं, आता माफी मागणार, गळ्यात पडणार. वहिनींनी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "आक्का, माप द्या. काम आडलंय माझं."

"वर्षानं पुट्ट्याचं दिलंय की."

"पुट्ट्यावर हात बसत न्हाई."

आक्का आत गेली, एक तुकडा घेऊन आली. वहिनींनी तो उजेडात धरला आणि परत दिला. "ह्यो न्हवं. माझं बरगड्यावालं द्या. मला त्येचीच सवं हाय."

आक्काने तुकडा बदलून दिला. वहिनींनी तो तुकडा पदराने पुसला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा, आणि छातीशी धरून घरी नेला. आठवडाभरात अकराजणी आपापला तुकडा मागून घेऊन गेल्या. सुरेखा तर लोणंदहून रजा टाकून स्वतः आली. मी माझा घ्यायला गेले तेव्हा आक्का म्हणाली, "चा ठेवशील न्हाई तर." बारावा तुकडा, शेवटच्या फोटोतला खालचा, काळजाकडचा, तो मात्र पहिल्यापासून तिचाच होता. तो तिने फडक्यात गुंडाळून ठेवला.

पाळी आक्काची होती. ती नको नको म्हणत राहिली, पण आता तिचं ऐकतंय कोण! दहाजणींचे साठ चौकोन आले. माझे सहा धरून सहासष्ट. उरलेले सहा तिच्या घरचे, आणि तिच्या घरात काय आहे ते आता सगळ्यांना माहीत होतं. मी कपाट उघडलं, हिरवी साडी काढली. लाल काठाची. मी तिला जिवापलीकडे जपलं होतं, कुठे टाकासुद्धा उसवला नव्हता. फिल्मचा तुकडा त्यावर ठेवला आणि सहाऐवजी बारा चौकोन कापले.

आक्काने चौकोन हातात घेतले. दोन बोटांत धरून चोळले, उजेडाकडे केले.

"फाटली?"

"नाही. फाडली."

"येडी हाईस व्हय? धा वर्सं गेली आसती आजून," ती माझ्यावर खेकसली. मग चौकोन मोजले. पुन्हा मोजले. "ह्ये बारा हायत. तुझं साच व्हतं."

"सहा तुमच्या घरचे," मी म्हणाले. "दुकानाच्या मुहूर्ताला तुम्हीच मागून ठेवली होती. त्या दिवसापासून ही साडी तुमचीच. मी नुसती नेसत होते."

तिने चौकोन कपाळाला लावले आणि आत गेली.

महिनाभर तिने कुणाला दारात उभं केलं नाही. एकटीने जोडली, एकटीने शिवली. मांडायच्या दिवशी आम्ही अकराजणी पहिल्यांदाच तिच्या घरात जमलो. खोली एवढीशी, आम्ही कशाबशा भिंतीला चिकटून उभ्या. बाजेवर वाकळ पसरलेली. माझा हिरवा मधे होता, चारी बाजूंनी बाकीच्यांची घरं. या वेळी आक्काने वाचली नाही. मालनवहिनींनी वाचली आणि हिरव्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "ह्ये छबाक्काच्या घरचं." कुणीही हसलं नाही.

आक्का बाजेवर बसली आणि वाकळीतून कुरकुर असा आवाज आला. पानं चुरगळावीत तसा. सुरेखा म्हणाली, "मावशे, आत काय ऱ्हायलं का गं? सुई-बिई?" मी हळूच मधे हात फिरवला. हिरव्या चौकोनाखाली, थरांच्या आत, काहीतरी ताठ, चौकोनी, अगदी मापातलं होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. तोंडात तीळ न भिजणारी मी त्या दिवशी गप्प बसले.

बायका चहा पिऊन गेल्या. मी मागे राहिले. कप विसळता विसळता विचारलं, "आक्का, ही धुणार कशी?"

"त्येला काय हुतंय? पान्यानं जायचं न्हाई त्ये. आगीनं गेलं न्हाई."

"पण झोपेत टोचेल. आणि वाजतं किती!"

आक्काने वाकळ गुडघ्यांवर ओढून घेतली आणि मला दाखवायला म्हणून बाजेवर आडवी होऊन एकदा कुशीवर वळली. आतून कुरकुरलं. ती तशीच पडून राहिली, कान देऊन.

"वाजू दे," ती म्हणाली. "बारा वर्सं झाली, ह्या घरात माझ्याबिगर कुनी कूस बदलली न्हवती."